विचार येतो की विचार करतो?

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲप धरून बरेच प्रश्न आले आणि गंमत म्हणजे गावं वेगळी, वयं वेगळी, पण निम्मे प्रश्न एकाच खुंट्याभोवती फिरतायत, डोक्यातले विचार. कुणाचे थांबत नाहीत म्हणून त्रास आणि कुणाला करूच देत नाहीत म्हणून त्रास. त्यातले पाच घेतलेत, नावं गाळलीयत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

प्रश्न (नाशिक): ताई नमस्कार. मी एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, वय ४१. दीड वर्ष झालं रोज वीस मिनिटं ध्यानाला बसतोय पण निर्विचार अवस्था काही येत नाही. डोळे मिटले की होम लोनचा हप्ता, सुपरवायझर काय बोलला, मुलाची बारावी, सगळं रांगेत उभं. ज्यांच्याकडे शिकलो ते म्हणाले विचार आला म्हणजे ध्यान मोडलं, परत पहिल्यापासून सुरू करा. म्हणजे मी दीड वर्ष पहिल्यापासूनच सुरू करतोय. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर: दादा, दीड वर्ष पहिल्यापासूनच सुरू करतोय हे वाचून मी हसले, रागावू नका, हसले कारण हेच मीपण केलंय आणि तुमच्यापेक्षा जास्त वर्षं केलंय.

आधी शाळेतलं व्याकरण काढू. 'मनात विचार आला' या वाक्यात कर्ता कोण? विचार. आणि 'मी विचार केला' यात कर्ता मी. शिंक येते, झोप येते, तसा विचार येतो, त्यात आपलं कर्तृत्व काही नाही आणि गुन्हाही नाही. विचार करणं ही मात्र वेगळी गोष्ट, तिथे आपण कामाला लागलेलो असतो. आपल्या भाषेत ही दोन क्रियापदं रोज वापरतो आपण आणि ध्यानाला बसलो की नेमकी दोन्हींची खिचडी करून टाकतो.

तुमच्या गुरुजींनी बहुतेक 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः' सांगितलं असेल, म्हणजे चित्तातल्या वृत्ती, मनाच्या हालचाली, थांबणं म्हणजे योग, पतंजलींच्या योगसूत्रांतलं दुसरं सूत्र, सगळे तेवढंच सांगतात आणि सहाव्या सूत्रापर्यंत कुणी जातच नाही. सहाव्यात वृत्ती कोणत्या ते दिलंय: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. बघा, निद्रा! गाढ झोपसुद्धा वृत्तीच धरलीय त्यांनी. म्हणजे डोकं नुसतं रिकामं होणं हे काही ध्येय नाही, नाहीतर आमचे हे दुपारी जेवून सोफ्यावर रोज समाधीत असतात असं म्हणावं लागेल. आणि निरोध व्हायचा तो कशाने तर अभ्यास आणि वैराग्य, आणि अभ्यास पक्का कधी होतो हे चौदाव्या सूत्रात आहे, दीर्घकाळ, खंड न पाडता आणि सत्काराने केला तर. सत्कार म्हणजे आदर हो. रोज वीस मिनिटं बसून स्वतःला नालायक म्हणत राहणं यात सत्कार कुठे आला.

आता गीतेचा सहावा अध्याय. अर्जुन तक्रार करतो की हे मन वाऱ्यासारखं आहे, आवरणं अशक्य. यावर श्रीकृष्णाचा पहिला शब्द काय आहे? 'असंशयं'. म्हणजे हो रे बाबा, बरोबर आहे तुझं, यात शंकाच नाही. आधी मान्य केलंय, मग उपाय सांगितलाय. आणि त्याच्याही आधी, सव्विसाव्या श्लोकात, 'यतो यतो निश्चरति', जिथून जिथून ते निसटेल तिथून तिथून आवरून परत आणायचं. 'यतो यतो' दोनदा म्हटलंय, म्हणजे ते एकदा नाही शंभरदा जाणार हे गृहीतच धरलंय. तुम्ही मनाला ज्या क्षणी परत आणलंत ना, ध्यान ते होतं. मोडलं नव्हतं काही. दीड वर्षात तुम्ही ते हजारो वेळा केलंय आणि दरवेळी शून्य मार्क दिलेत स्वतःला.

थोडं विषयांतर करते. माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचं रान. लहानपणी सुट्टीत गुराख्याच्या मागे मागे हिंडायचे मी. दहा-बारा वर्षांचं पोरगं ते, माझ्याहून थोडं मोठं, बांधावर बसलेलं, हातात काठी पण ती वापरायचं नाही फारशी. गुरं चरतायत ती चरू द्यायची. एखादी गाय मान खाली घालून हळूहळू ज्वारीकडे सरकायला लागली, तिचं अंग अजून गवतातच पण तोंड पिकाकडे वळलं, की हा बसल्या जागेवरून जिभेने टक् करून एक आवाज काढायचा आणि ती मान वळवायची. एवढंच. दिवसात किती वेळा? मी मोजायचा प्रयत्न केला होता, कंटाळून सोडला. उठायचं नाही, ओरडायचं नाही, 'अरेरे माझी राखण मोडली' म्हणून घरी जाऊन परत पहिल्यापासून गुरं सोडायची नाहीत! आणि गुरं खुंट्याला बांधून ठेवली असती तर पीक वाचलं असतं पण संध्याकाळी दूध कुठून आलं असतं.

हे का आठवलं तर विचार या शब्दात चर् धातू आहे, हिंडणं-फिरणं, आणि गुरं चरतात ते चरणंही तिथलंच. खानदेशातल्या बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकातलं ढोर म्हटलं ते सगळ्यांना पाठ असतं, त्यांनी व्युत्पत्ती बघून नाही म्हटलं, शेत बघून म्हटलं, पण दोन्ही रस्ते एकाच बांधावर आले. माउली तर याच सहाव्या अध्यायावर बोलताना मनाची बाजू घेतात, म्हणतात याची एक गोष्ट चांगली आहे, गोडी लागली की त्या जागी हे सोकतं. आपण 'काळ सोकावतो' असं वाईट अर्थानेच म्हणतो पण माउलींनी त्याच खोडीचा उपयोग करायला सांगितलाय, सोकू दे, फक्त चांगल्या जागी सोकव.

आता तुमच्या हप्त्याचं. मला असं वाटतं, आणि हे शास्त्रातलं नाही माझं आहे, की काही विचार सारखे येतात कारण ते कधी नीट केलेलेच नसतात. हप्ता किती, शिल्लक किती, मुलाच्या ॲडमिशनला किती लागतील, हे तुम्ही वहिनींबरोबर पासबुक आणि वही घेऊन एका रविवारी बसून केलंय का? नसेल तर तो विचार पहाटे येणारच, त्याला दुसरी वेळच दिलेली नाहीये. तो आधी करा. मग पहाटे आला तर टक्.

प्रश्न (पुणे): ताई मी २४ वर्षांची आहे, आयटीत आहे. आईबरोबर एका सत्संगाला जाते, आवडतंही. पण मी एकदा विचारलं की कर्माने सगळं ठरलेलं असेल तर प्रयत्न कशाला, तर तिथले मोठे काका म्हणाले, बुद्धी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत जा, श्रद्धा असेल तर प्रश्न पडत नाहीत. सगळे हसले. तेव्हापासून आत काहीतरी खटकतंय. विचार करणाऱ्याला अध्यात्म जमत नाही का खरंच?

उत्तर: अगं, चपला बाहेर काढतात कारण त्यांना घाण लागलेली असते. बुद्धीला काय लागलंय?

आधी तुझ्या बाजूचं सांगते. देहूच्या तुकोबांना गावातल्या मानकऱ्यांनी कमी छळलं नाही, आणि त्या माणसाने लिहून ठेवलंय, 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता'. खरं-खोटं ठरवताना साक्षीला कुणाला बोलावलं, स्वतःच्या मनाला. चारचौघे हसले म्हणून नाही ठरवलं. आणि हे वारकरी पंथाच्या कळसाला बसलेल्या माणसाचं आहे, कुठल्या नास्तिकाचं नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी त्यांच्या बायकोला, मैत्रेयीला सांगतात की आत्मा ऐकायचा, त्याचं मनन करायचं आणि मग त्याचा ध्यास घ्यायचा, श्रवण आणि निदिध्यासन यांच्या बरोबर मध्ये मनन आहे, ते उडी मारून जायचं असं कुठे लिहिलेलं नाही. गीतेत तर अठरावा अध्याय संपत आला, सगळं सांगून झालं, आणि त्रेसष्टाव्या श्लोकात श्रीकृष्ण म्हणतात 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु', याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. लोक लगेच पुढच्या सहासष्टाव्यावर बोट ठेवतात की तिथे सगळं सोडून शरण ये म्हटलंय. म्हटलंय की. पण आधी त्रेसष्ट येतो मग सहासष्ट.

आता काकांच्या बाजूचंही सांगायला हवं नाहीतर मी पण त्यांच्यासारखीच. कठोपनिषदात यम नचिकेत्याला म्हणतो 'नैषा तर्केण मतिरापनेया', हे ज्ञान तर्काने मिळत नाही. बुद्धी बाहेर ठेवा म्हणणारे हे वाक्य हमखास वापरतात. पण तो अर्धाच मंत्र आहे! त्याच मंत्राचा शेवट असा की नचिकेता, आम्हाला प्रश्न विचारणारे तुझ्यासारखेच मिळोत. हे कुणाला म्हटलंय, तर तीन रात्री उपाशी दारात बसून, हत्ती-घोडे-सोनं-राज्य नाकारून, मेल्यावर काय होतं ते सांग म्हणून अडून बसलेल्या पोराला. म्हणजे तर्काची हद्द दाखवली आणि प्रश्नकर्त्याला शाबासकी दिली, एका दमात. मला हे उपनिषदांमधलं सगळ्यात लाडकं ठिकाण आहे खरं सांगायचं तर.

आणि गार्गी, त्याच बृहदारण्यकातली विदुषी. तिने भर सभेत याज्ञवल्क्यांना हे कशात विणलंय, ते कशात विणलंय असं विचारत विचारत पार ब्रह्मलोकाच्या पलीकडे नेलं तेव्हा ते म्हणाले आता जास्त विचारू नकोस, डोकं गळून पडेल. गप्प बसली ती. पण उठून गेली नाही हे बघ. थोड्या वेळाने परत उभी राहिली, म्हणाली दोन प्रश्न आहेत, आणि ते दोन बाणांसारखे आहेत असं म्हणाली, आणि मिळाली उत्तरं तिला. मग तिनेच सगळ्या सभेला सांगितलं की याज्ञवल्क्यांना कुणी हरवणार नाही. तुला जो अपमान वाटला ना, तो फार जुना आहे गं.

फक्त एक. प्रश्न विचारताना समोरच्याला अडवायला विचारतेय का मला खरंच अडलंय म्हणून, हे तुझं तुलाच कळतं, बाहेरून दोन्ही सेम दिसतात. अडलं असेल तर विचार, दोनदा विचार, एकट्याने भेटून विचार कारण सभेत लोकांना हसायला सोपं जातं. आणि तरी चपलांचंच ऐकायला मिळालं तर आईला सांगून दुसरीकडे जात जा. तुझा कर्माचा प्रश्न चांगला आहे, पुढच्या अंकात एकट्यालाच जागा देते त्याला.

प्रश्न (कोल्हापूर): लिहायला लाज वाटते. पूजेला बसले की देवाबद्दलच घाणेरडे विचार येतात, शिव्या येतात मनात. मी जप परत एकपासून सुरू करते, हात धुऊन येते. पूर्वी पाऊण तास लागायचा, आता साडेतीन-चार तास जातात. सासूबाईंना वाटतं मी फार देवभक्त आहे. मला किती पाप लागत असेल?

उत्तर: ताई, शून्य. हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीये.

वर नाशिकच्या दादांना लिहिलंय तेच, विचार आला, तुम्ही केला नाही. समर्थांनी मनाच्या पाचव्या श्लोकात 'पापसंकल्प' सोड म्हटलंय, संकल्प म्हणजे ठरवणं. तुम्ही काही ठरवलं नाहीत, उलट घाबरून जाताय. आणि तुलसीदासांनी तर कलियुगाचा एक मोठा फायदा सांगून ठेवलाय, मनातलं पुण्य जमा होतं आणि मनातलं पाप धरलं जात नाही. असला हिशोब बँकेत मिळेल का सांगा.

पण साडेतीन तास, हात धुणं, एकपासून परत, हे वाचून मला वेगळंच सांगायचंय. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतात. हा आजार आहे, तुमच्या भक्तीचा किंवा चारित्र्याचा रिपोर्ट नाही, आणि देवाधर्माबद्दल नको ते विचार येणं हा त्याचा अगदी नेहमीचा प्रकार आहे, मनोविकारतज्ज्ञांना यात काही नवीन नसतं, ते चमकणारसुद्धा नाहीत. त्याला औषधं आहेत, समुपदेशन आहे, बरं वाटतं. आणि यात एक चकवा आहे, तुम्ही जितक्या वेळा परत एकपासून सुरू कराल तितकं ते वाढतं. सरकारची टेली-मानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, लाज वाटत असेल तर सुरुवात तिथून करा आणि मग डॉक्टरांकडे जाच. तोवर पूजा एकदाच, जशी होईल तशी. सत्तावन्नाव्या मण्याला शिवी आली तर पुढचा मणी अठ्ठावन्नावा.

प्रश्न (ठाणे): मुलगा रोज वहीत एकच वाक्य ३३ वेळा लिहितो, मला पंचवीस लाखांचं पॅकेज मिळालं आहे. म्हणतो विचार पॉवरफुल असतो, विश्व आणून देतं. इंटरव्ह्यूची तयारी शून्य. हे आपल्या संकल्पासारखंच आहे का?

उत्तर: नाही हो. पूजेतला संकल्प आठवा, गुरुजी हातात पाणी सोडायला लावतात आणि 'करिष्ये' म्हणायला लावतात, मी करीन. 'मिळाले आहे' नाही. तुमचा मुलगा करिष्ये गाळून डायरेक्ट प्रसादाच्या रांगेत उभा राहिलाय. नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला करायचा असं तुकोबांनी विचारलंच आहे, ते त्याला ऐकवा, हसेल तरी. वही ओढून घेऊ नका मात्र. फक्त चौतिसावी ओळ लिहायला सांगा, आज इंटरव्ह्यूसाठी मी काय केलं. पहिले आठ-दहा दिवस कोरी राहील ती.

प्रश्न (बेळगाव): वय ७६. पत्नीला स्मृतिभ्रंश आहे, चार वर्षं झाली. मला कधी भाऊ समजते, कधी कोणीच नाही. आयुष्यभर हरिपाठ करणारी बाई. अजून मी म्हणायला लागलो की ओठ हलतात, कधी शब्दही येतात, पण काय म्हणतेय हे तिला कळत नाही. आपण म्हणतो मन लावून नाम घ्यावं. आता मनच उरलं नाही तर तिच्या त्या म्हणण्याला काही अर्थ आहे का? हा प्रश्न कुणाला विचारावा कळेना म्हणून तुम्हाला.

उत्तर: काका, तुमचं पत्र आठ दिवस टेबलावर होतं. विद्वत्ता दाखवायची हिंमत झाली नाही.

वर मी पानभर विचाराचं कौतुक केलंय आणि तुमच्या घरात ते सगळं बाजूला पडतं, हे मला दिसतंय. पतंजलींच्या त्या पाच वृत्तींमध्ये शेवटची स्मृती आहे. म्हणजे त्यांच्या हिशोबात आठवण ही चित्तावरची एक हालचाल आहे, ती ज्याच्या उजेडात दिसते तो वेगळा. तुम्हाला हे पटेल न पटेल, मला पटतं असं मी म्हणते पण माझ्यावर तुमची वेळ आलेली नाही.

मग मी हरिपाठच काढला. पहिलाच अभंग, तुम्हाला पाठ आहे, मी नव्याने वाचला. 'हरि मुखे म्हणा हरि मुखे म्हणा'. मुखे, काका. मन लावून म्हणा असं त्या ओळीत नाहीये, तोंडाने म्हणा आहे, आणि तेही दोनदा. लगेच पुढे 'पुण्याची गणना कोण करी', आणि आपण दोघं इथे तीच गणना करत बसलोय, काकूंची. आणि सुरुवात 'उभा क्षणभरी', क्षणभर फक्त. त्यांना आता क्षणच समजत असेल तर त्या ओळीला तेवढा पुरतो.

अशा आजारात बाकीचं गेल्यावरही लहानपणापासून म्हटलेली गाणी, चाली बऱ्याच जणांच्यात मागे टिकून राहतात, हे डॉक्टरही सांगतात. त्याचा उपयोग करा. संध्याकाळी एकाच वेळी, एकाच खुर्चीत, त्यांच्याच जुन्या चालीत म्हणा, नवी चाल किंवा मोबाइलवरचं संगीत नको. अर्धी ओळ म्हणून थांबा आणि वाट बघा, दहा-पंधरा सेकंदही लागतील, पुढची अर्धी आली तर आली, नाही आली तर तुम्हीच पुरी करा आणि पुढे चला. 'मी कोण ते सांग' हे मात्र विचारू नका, तिथे त्या घाबरत असतील. घरात टाळ असतील तर हातात देऊन बघा. आणि ज्या दिवशी तुमचाच आवाज फुटत नाही त्या दिवशी नुसते शेजारी बसा, शेजारपाजारचं कुणी येऊन म्हणणारं मिळालं तर त्यांना म्हणू द्या, त्या दिवशी तुमचेही फक्त ओठ हलले तरी चालतील.